पलीकडचे दोन ठोके

सँडविच पॅनेल म्हटलं की माझ्या नातीला खाऊच आठवतो. म्हणून मी तिला तसंच शिकवलं. वर-खाली फायबरचे पातळ पत्रे, मधे मधमाश्यांच्या पोळ्यासारखा कागदी गाभा आणि सगळ्यांना एकत्र धरणारी राळ. राळ कमी पडली की पत्रा सुटा राहतो. डोळ्यांना दिसत नाही. नाण्यानं ठोकून ऐकावं लागतं.

हे काम मी आणि तिची आजी जोडीनं करायचो. पॅनेल उभं करून मी अलीकडून ठोका द्यायचा, तिनं पलीकडून कान लावायचा. आवाज खणखणीत असला तर ती उलट दोन ठोके द्यायची. खोट असली तर गप्प.

"घरी मात्र कधी गप्प बसली नाही हो!" मी म्हणालो. नात खुदकन हसली. आजी वारल्यावर तिच्या जागी मी कोणाला घेतलं नाही.

आजचं पॅनेल नातीच्या छोट्या होडीचा तळ होतं. उद्या ती बाबांबरोबर तळ्यात उतरणार होती.

"मी ठोकू?"

टक.

पलीकडून, टक टक.

"तिकडे कोण आहे?"

मी वळसा घालून पाहिलं. भिंत आणि आजीचं स्टूल. "उन्हानं पत्रा तडतडत असेल," मी समजावलं. तिलाही आणि स्वतःलाही.

ती बोटबोट पुढे सरकली. प्रत्येक ठोक्याला दोन ठोके येत राहिले. कोपऱ्याशी ती थांबली.

"इथं आजी गप्प आहे."

मी ठोकलं. माझ्या कानाला आवाज स्वच्छ वाटला. तरी पातं घालून पत्रा उचलला, तर तो सालीसारखा निघून आला. खाली पोळ्याची घरं कोरडी ठणठणीत.

मी नातीला घट्ट जवळ घेतलं.

"तुझ्या आजीचा कान माझ्याहून तिखट," मी म्हणालो.

"आता तुझी तपासणी!" तिनं नाणं माझ्या खांद्यावर वाजवलं.

पॅनेलमागून, टक टक.

गुडघ्यावर. टक टक.

मग छातीवर, डाव्या बाजूला.

आम्ही दोघंही कान देऊन थांबलो.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "पुन्हा ठोकू?"