बावीस वर्षांचा दुधाचा दात

जुईचा पहिला दात पडला तेव्हा तिचं बाविसावं वर्ष सरत होतं. "काकू, पडला! एकदाचा पडला!" म्हणत ती अंगणभर नाचली. इंदुमतीबाईंनी पोरीला कुशीत ओढलं. खरं तर तो पडायला अजून चार वर्षं अवकाश होता.

सारं गाव जडान्न जेवायचं. एकाच मूलद्रव्याच्या अणूंत प्रोटॉन सारखेच असतात, पण न्यूट्रॉन कमी-जास्त असू शकतात. अशा भावंडांना समस्थानिकं म्हणतात. चव तीच, गुण जवळजवळ तेच, फक्त वजन वेगळं. मात्र जड भावंडाने धरलेला हात, म्हणजे रासायनिक बंध, लवकर सुटत नाही. म्हणून बंद काचघरात जड कार्बनवर, जड हायड्रोजनवर पिकवलेलं धान्य खाल्लं, की शरीराचा कारभार संथ चालतो. माणूस तीनशे वर्षं जगतो आणि पोर पन्नास वर्षं पोरच राहतं.

जुईची आई केतकी काचघरातच रसायनतज्ज्ञ होती. तिने दात यंत्रात तपासला आणि जाऊबाईंकडे वळली. "वहिनी, हिच्या पोटात हलका कार्बन गेलाय. कुठून?"

"अगं बाई!" इंदुमतीबाईंनी कपाळाला हात लावला. देवाला काचघरातलं धान्य दाखवायचं नाही, स्वतःही खायचं नाही, हा त्यांचा नेम. परसातल्या वाफ्यातलाच भात. आळीत सुरकुत्या होत्या त्या त्यांच्या एकट्याच्या. "चार-पाच वर्षं रोजचा नैवेद्य हीच फस्त करतेय गं. मूठभर भाताने काय होतंय, असं वाटलं. चुकलंच माझं. उद्यापासून बंद."

"मुळीच नाही!" जुई कडाडली. "शेजारची रमा दहा वर्षं तेच बडबडगीत म्हणतेय! मला मोठी सायकल हवीय. पाय नकोत का पुरायला?"

दोघींनाही हसू आवरेना. हसता हसता केतकीने लेकीच्या केसांवरून हात फिरवला. "वहिनी, ही माझ्यादेखत म्हातारी होईल. आणि मी अशीच, काळ्याभोर केसांची."

तिने पाट ओढला. "माझंही पान वाढा."

"वेडी आहेस का? दीड-दोनशे वर्षं जातील तुझी!"

"लेकीच्या आधी जायचंय मला. आणि तूप जरा सढळ हाताने हं!"

वाढताना इंदुमतीबाईंचा चेहरा फुलला होता. केतकी त्यांच्या पाया पडायला वाकली. तीनशे वर्षं जगणाऱ्या त्या जगात कुणी देत नसलेला, शापच वाटावा असा आशीर्वाद त्यांच्या तोंडी आला.

"शतायुषी हो गं बाई."

केतकीने हसून मान डोलावली आणि पहिला घास घेतला.