डाव्या बाजूचा पत्रा

चौदा वर्षांची गाडी आणि एकही ठोकर नाही, हे ऐकूनच माझं डोकं फिरलं. मी मोटार विम्याचा सर्व्हेअर. अकरा वर्षं नागपूर जिल्ह्यातल्या ठोकलेल्या गाड्या तपासतो आहे, आणि खरं बोलणारा गाडी-विक्या मला अजून भेटायचा आहे. अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात, भर दुपारी, वाडीला ताराचंदच्या गोदामासमोर ती मोठी पिकअप उभी होती. ताराचंद गाडीचा मालक. तो पुन्हा पुन्हा सांगत होता, "साहेब, गाय हाये गाय. आजवर कोनाले लागली नाही."

गाडी घ्यायची होती माझ्या बहिणीच्या नवऱ्याला, देवाजीला. सावनेरच्या पुढे त्याचा भाजीचा मळा आहे. भाजी नागपूरला आणायची आणि त्याच गाडीतून गोपिकाला, माझ्या बहिणीला, दवाखान्यात न्यायचं. तिला सातवा लागला होता. दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं मूल पोटातच गेलं, भाड्याच्या जीपमध्ये. ब्रेक लागले नाहीत आणि जीप नालीत गेली. ते ब्रेक नंतर मी स्वतः उघडून पाहिले. लायनिंग पार झिजलं होतं, लोखंडाला लोखंड घासत होतं. चाक काढून बघायची तसदी कुणी घेतली नव्हती. तो राग अजून गेलेला नाही, आणि जाऊ नये असंच मला वाटतं.

"दादा, तुमी हो म्हना, मंगच घेतो," देवाजी म्हणाला.

मग मी हात धुऊन त्या गाडीच्या मागे लागलो. सांगाडा वाकलाय का ते बघायला चेसिसला सूत धरलं. पत्र्यावर लोहचुंबक फिरवलं; ठोकर लपवायला भराव भरला असता तर चुंबक निसटलं असतं. निसटलं नाही. पोलीस ठाण्यांत पंचनामा नाही, विमा कचेरीत दावा नाही. शेवटी कन्हानला जाऊन आधीचा मालक गाठला, मारोतराव नावाचा.

"लागली नाही कोनाले," तो म्हणाला. "बैलाले नाही, कुत्र्याले नाही."

"मग विकली काहून?"

त्याने पानाचा डबा उघडला आणि तसाच मिटला. "ब्रेक लय चांगले हायेत तिचे," म्हणाला आणि उठून आत गेला. सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर देणारा एक माणूस या जिल्ह्यात असू नये? परतीच्या वाटेवर मी त्याला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या.

वाडीला आल्यावर केबिनमधली रबरी चटई उचलली. ड्रायव्हर उजवीकडे, ब्रेक उजवीकडे. डावीकडे दाबायला काहीच नसतं. तरी डावीकडचा पत्रा एका जागी झिजून पातळ झाला होता. टाच खोल, पुढे चवडा, लहानसा पाय, बहुधा बाईचा. शेजारी बसलेला माणूस घाबरला की नसलेला ब्रेक दाबतो, हे मला ठाऊक आहे, मीही दाबतो. पण वरची चटई मूळची होती, चौदा वर्षांची, आणि तिच्यावर झिजल्याची साधी खूणही नव्हती.

किल्ली घेऊन मी एकटाच अमरावती रस्त्याला लागलो. वेग साठच्या आसपास होता. माझा पाय ॲक्सिलरेटरवर असताना ब्रेकचं पेडल माझ्या डोळ्यांदेखत खाली गेलं आणि गाडी थांबली. कडेला उभ्या ट्रकच्या आडून एक म्हैस बाहेर आली आणि माझ्या समोरून निवांत निघून गेली.

परत येऊन चारही चाकं उतरवली, मास्टर सिलिंडर खोलला. दोष नाही. मी घाबरायला हवं होतं, पण मला संताप आला. हे मी अहवालात कुठल्या रकान्यात लिहू? माझ्या बहिणीशेजारी असलं काही बसता कामा नये. वेल्डिंगवाल्याकडून तो पत्रा कापून काढला आणि त्या जागी पाव इंची प्लेट बसवून घेतली.

"एवढी जाड कायले, साहेब?" तो म्हणाला. "हत्ती बसून राहिला का इथं?"

"तू आपलं काम कर."

नंतर तीन दिवस गाडी चालवली. सावनेर, कन्हान, पुन्हा सावनेर. माझ्या पायाशिवाय पेडल एकदाही हललं नाही. मी अहवालात 'निर्दोष' लिहिलं, खाली सही केली, आणि देवाजीने गाडी घेतली.

आमच्याकडे घरची लक्ष्मी बसल्याशिवाय नवी गाडी कामाला लावत नाहीत. गोपिकाने चाकांना हळदकुंकू वाहिलं आणि डावीकडे चढून बसली. पाय लोंबते ठेवले की सुजायचे, म्हणून सीटवरच मांडी घातली. देवाजी मागे हौद्यात उभा राहिला. पहिली फेरी मी मारणार होतो.

"हळू चालव गा, दादा."

"ब्रेक मी स्वतः पाहिलेत."

गाव मागे पडलं. रस्ता मोकळा होता, सकाळचं लख्ख ऊन होतं. मी वेग वाढवला.

गोपिका एकाएकी हसली. तिने पोटावर हात ठेवला.

"पाय दाबून राहिलं," ती म्हणाली. "लाथ नाही गा. दाबून धरलं हाये."

मी खाली पाहिलं. ब्रेकचं पेडल तळाला टेकलं होतं. माझा पाय त्याच्यावर नव्हता.

गाडी थांबली. बाभळींच्या आडून एक सायकलवाला रस्त्यावर आला, आमच्याकडे न बघताच पलीकडे गेला.

गोपिका पोटावरून हात फिरवत होती, कौतुकाने.

"आता सोडलं पाहा," ती म्हणाली, आणि पेडल वर आलं.