देठावरचे निळे वळ

मी गेलो होतो खुलासा लिहायला. चाळीस वर्षांच्या बातमीदारीत ही वेळ माझ्यावर फारशी आली नाही. पण ‘अळंबी खाऊन माळी पसार’ ही बातमी माझीच. रुग्णालयाच्या अधीक्षकांनी सांगितलं, मी छापलं. मग दोन महिने माळ्याची बायको रोज कचेरीत येऊन बसायची.

“नशा करणाऱ्यातले नाहीत हे, भाऊ. पळणाऱ्यातले तर नाहीतच. तुम्ही लिहिलंत, तुम्हीच पुसा.”

खरी बोच वेगळी होती. नाहीसा होण्याच्या आदल्या दिवशी त्याने मला फोन केला होता. रुग्णालयाच्या बागेत, मागच्या वाफ्यात कुणीतरी काहीतरी पुरतंय, येऊन बघा. मी म्हटलं, उद्या.

तर त्या दुपारी मी, ती आणि वनस्पतिशास्त्राच्या एक प्राध्यापिका त्या वाफ्यापाशी उभे होतो. लख्ख ऊन, तरी वास बंद तळघराचा. लाकडाच्या ढलप्यांवर शेकडो कुत्र्याच्या छत्र्या उगवलेल्या. तपकिरी, कडा झालरीसारख्या.

“हिच्यामुळे भास होतात,” प्राध्यापिका म्हणाल्या. “ओळख सोपी. दाबलं की निळी पडते.” त्यांनी एका छत्रीवर बोट टेकवलं. काही मिनिटांत तिथे मुका मार बसल्यासारखा डाग उमटला. “हळूहळू तो काळवंडतो. स्वच्छ निळा म्हणजे आत्ताचा.”

अधीक्षक मागे येऊन थांबले होते. “झालं समाधान? बागेत नशा उगवली, माळ्याने खाल्ली. यात काय काळंबेरं आहे?”

“नसेल तर घाम कशाला पुसताय?” मी म्हटलं.

प्राध्यापिकांनी लांब चिमट्याने एक अळंबी मुळासकट उपटली. मातीत गाडलेल्या देठावर निळे वळ होते. एका बाजूला अंगठा. दुसऱ्या बाजूला दोन बोटं.

“मॅडम, तुमचा हात लागला?”

“चिमटा आहे माझ्या हातात...”

त्यांनी दुसरी काढली. तिसरी काढली. प्रत्येक देठावर, जमिनीखाली, तीच पकड. स्वच्छ निळी.

माळ्याच्या बायकोने वाकून ते वळ पाहिले. “ढलप्या पाडायच्या मशीनमध्ये यांची दोन बोटं गेली होती, भाऊ. तीनबोट्या म्हणायचे सगळे...”

पोलिसांना मीच बोलावलं. चार फूट खोल खणल्यावर माळी सापडला. मरून दोन महिने झाले होते, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. अधीक्षकांना अटक झाली. मी पहिल्या पानावर छापलं: माळी पळाला नव्हता, चूक माझी. बायकोने तो अंक घडी घालून नेला आणि परत कचेरीत आली नाही.

पण माळी सापडताच पोलिसांनी खणणं थांबवलं. मी घसा कोरडा होईस्तोवर भांडलो. अहो, त्याने पुरताना पाहिलं होतं ते काय? ते कुठे आहे? “प्रकरण मिटलं,” म्हणाले, आणि खड्डा बुजवला.

काल दुपारी मी तो चिमटा मागून घेतला आणि एकटाच गेलो. वाफ्यात नव्या छत्र्या आल्या होत्या. एक उपटली. देठावर अंगठा, आणि चार बोटं. दुसरीवरही पाचच, पण हा हात बराच रुंद होता.

तिसरी मी ओढली. ती खालून सुटेना.