पानाच्या छापाची नोट

पंधरा शिलिंगांची नोट काचेखालून गायब झाली, आणि सगळ्यांच्या नजरा रोलंड फ्रँट्झकडे वळल्या.

अमेरिकेतल्या लँकेस्टरच्या अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये जुन्या नोटा जमवणाऱ्यांचं प्रदर्शन तासाभरात उघडायचं होतं. तिथे इंग्रजांचा अंमल होता तेव्हाची, पाठीवर झाडाच्या पानाचा छाप असलेली ती नोट मिसेस हेसनी विश्वासाने मांडायला दिली होती. रोलंड मंडळात नवा, त्यात चोरीपायी तुरुंगात जाऊन आलेला. त्याची मुलगी जोॲन आत्ता कुठे त्याच्याशी बोलू लागली होती.

"थेडा, याची झडती घे," काळ्या स्वेटरच्या सरसावलेल्या बाह्या खाली ओढत अध्यक्ष हार्लन स्टाउफर म्हणाला. थेडा ब्रूबेकर पोलिसातून निवृत्त झालेली. तिने सगळ्यांदेखत रोलंडचे खिसे उलटे केले. रुमाल, किल्ल्या, खोकल्याच्या गोळ्या. तो मान खाली घालून उभा राहिला. थेडाला कसंनुसं झालं, पण तिने हात आवरला नाही.

मग ती स्वयंपाकघर बघायला गेली. कॉफी अजून चढवलेली नव्हती, कप कोरडे होते, तरी टॉवेल ओलाचिंब होता. त्यावर बारीक चमचम दिसली. नाताळच्या सजावटीची असेल, असं वाटून ती वळली, आणि दारातच थबकली.

"नोट शेवटची कोणी पाहिली?" तिने बाहेर येऊन हार्लनला विचारलं.

"मीच. सकाळी मांडली. मग हा तिथे घुटमळत होता."

"तू स्वयंपाकघरात गेला होतास?"

"पाऊलसुद्धा टाकलं नाही."

"मग तुझ्या बाहीवर ही चमक कसली?"

हार्लनने बाही झटकली. ओला कागद वजनाखाली दाबूनच सुकवतात, हे ठाऊक असलेली थेडा आत गेली आणि तिने कॉफीचं जड भांडं उचललं. खाली टिपकागदांच्या घड्यांत नोट दाबून ठेवलेली होती. लाल शाईची सही फुटून गुलाबी डाग झाला होता.

"खोट्या नोटा ओळखता याव्यात म्हणून तेव्हा कागदात अभ्रकाचा चमकता चुरा घालायचे," ती सगळ्यांना म्हणाली. "धुतलं की थोडं सुटतं. नोटेला पाणी लावू नका, हे हा प्रत्येक नवख्याला बजावतो. पण प्रदर्शनातल्या उत्तम मांडणीच्या बक्षिसाच्या हावेने यानेच नोटेवरचे जुने डाग धुऊन काढायला घेतले. सही फुटली. मग चोर हवा होता, आणि तो आयताच मिळाला."

"मिसेस हेसना काय तोंड दाखवू?" हार्लन पुटपुटला. रोलंडकडे त्याने पाहिलंही नाही.

थेडाने रोलंडची माफी मागितली. मान वर करायची तिला लाज वाटत होती.

"तुम्ही खिसे तपासत होतात, तेव्हाच हार्लनने जोॲनला फोन करून मी चोरी केल्याचं सांगितलं," रोलंड म्हणाला. "आता तुम्हीच सांगा तिला. माझ्या तोंडून तिला पटायचं नाही."

त्याने नंबर लावून फोन तिच्या हातात दिला. थेडा काही बोलायच्या आतच पलीकडून थकलेला आवाज आला, "बाबा, परत तेच?"

थेडाने आधी आपलं नाव सांगितलं, आणि मग आपण काय केलं ते.