बिघाड सापडला होता

करडीहून भंडाऱ्याला येणाऱ्या दुपारच्या एसटीत तो माझ्या शेजारी येऊन बसला, तेव्हा त्याच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. दोन्ही हातांनी ते त्यानं पोटाशी धरलं होतं. कंडक्टरनं सामान मागे ठेवायला सांगितलं, तरी त्यानं ऐकलं नव्हतं.

मी करडीच्या शाळेतला एक प्रिंटर दुरुस्त करून परत निघाले होते. हातांवर काळी शाई, पोटात भूक... कुणाशी बोलायची मुळीच इच्छा नव्हती. पण पहिल्याच खड्ड्याला गोधडी घसरली, आत काच दिसली, आणि काचेआड तीन पंख्यांचं भलंमोठं ग्राफिक्स कार्ड. प्रत्येक धक्क्याला ते खाली झुकत होतं. मग मला राहवलं नाही.

“आडवा करा त्याले,” मी म्हटलं. “काच वर येऊ द्या. असा उभा धरला तर भंडारा येईपर्यंत कार्ड हातात येईल.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या शाईच्या बोटांकडे पाहिलं, आणि एकही प्रश्न न विचारता कॉम्प्युटरचा तो कॅबिनेट आडवा केला. हे मला आवडलं. माझ्या दुकानात येणारे निम्मे लोक आधी वाद घालतात, मग ऐकतात.

त्याचं नाव अमर. घरची धानाची शेती, थोडा धानाचा व्यापार. कॉलेज संपवून तो त्यातच पडला होता. संध्याकाळी दोन तास मात्र तो कुणाचा नसायचा. ऑनलाइन गेम खेळणाऱ्या पाच जणांची टीम होती, लाखांदूरचा चंदन त्यांचा कॅप्टन. विदर्भातल्या टीमांची ऑनलाइन स्पर्धा तोंडावर आली होती आणि नेमकं दिवाळीनंतर मशीन दगा देऊ लागलं होतं. गेम रंगात आला की चित्र जागच्या जागी थांबायचं, आवाज एकाच सुरावर अडकून घरघरत राहायचा, आणि बटण दाबून बंद केल्याशिवाय सुटका नसायची.

तो नागपूरला निघाला होता. नागपूरले काहून, असं मी विचारलं, तर म्हणाला, तिथं चांगले मेकॅनिक आहेत.

“चांगली मेकॅनिक तुमच्या बाजूले बसून आहे,” मी म्हटलं.

तो हसला. हसताना तो मान थोडी खाली घालायचा, जणू हसू दुसऱ्या कुणाचं असावं आणि तो ते चोरून वापरत असावा. भंडारा येईस्तोवर मी ते आणखी तीनदा पाहिलं. स्टँडवर नागपूरची गाडी लागलेली होती. ती त्यानं सोडली.

माझं दुकान म्हणजे बाबांच्या हातमागाच्या कापडाच्या दुकानातला डावीकडचा भाग. उजवीकडे साड्या आणि पंचे, डावीकडे उघडे पडलेले कॉम्प्युटर. बाबांनी अमरकडे चष्म्यावरून पाहिलं, गोधडीकडे पाहिलं आणि पुन्हा वहीत डोकं घातलं.

दुरुस्तीचा माझा एक नियम आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की मशीन सुरू होतं, पण कशानं झालं ते कळत नाही. मी रॅमच्या पट्ट्या एकेक काढून तपासल्या, ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुसून नवा टाकला, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून ताजी लावली. मग त्याचाच गेम लावून दिला. एक तास, दोन तास, दुसऱ्या दिवशी अख्खी दुपार. मशीन एकदाही थांबलं नाही. मी ते परत दिलं. दोन दिवसांनी फोन आला की पंचविसाव्या मिनिटाला पुन्हा तेच झालं.

ते पुन्हा आलं, पुन्हा माझ्याकडे शहाण्यासारखं चाललं, पुन्हा करडीला जाऊन थिजलं. तिसऱ्या खेपेला मी पडद्याच्या कोपऱ्यात तापमान दिसेल अशी सोय करून दिली आणि सांगितलं, आता थांबलं की आकडा पाहा. या साऱ्या भानगडीत आमचे फोन लांबत चालले होते. तो आकड्याच्या आधी दुसरंच काहीतरी सांगायचा... बांधावर दिसलेल्या सारसाबद्दल, किंवा आईनं केलेल्या भाजीबद्दल. मी ऐकायचे, आणि बाबा रेडिओचा आवाज कमी करायचे.

आकडा आला सत्त्याण्णव. माझ्याकडे तोच सत्तरच्या पुढे जात नव्हता.

“म्हणजे तुमच्या घरात काहीतरी आहे,” मी म्हटलं. “मले घर पाहावं लागंन.”

तो म्हणाला, “आमच्याकडे पोरगी पाहाले पोराकडचे जातात. पोरगीच घर पाहाले येऊन राहिली, हे पहिल्यांदाच होऊन राहिलं जी.”

“मशीन पाहाले येतो मी,” मी म्हटलं. पण फोन ठेवल्यावर त्या बुधवारसाठी कोणता ड्रेस घालायचा हे मी ठरवत होते, हेही खरं.

बुधवारी स्कूटीनं कारध्याचा पूल ओलांडला तेव्हा वैनगंगेवर धुकं होतं. करडीच्या शिवारात जिकडेतिकडे थ्रेशर चालू होते आणि चुरण्याची पिवळी धूळ उन्हात तरंगत होती. अमरच्या अंगणातही तीच. त्याची आई, कुंताबाई, दारातच भेटल्या. ये वो पोरी म्हणत त्यांनी पाणी दिलं, पाय धुवायला लावले आणि थेट मशीनपाशी घेऊन गेल्या.

टेबलाखाली कॅबिनेट होता आणि त्याच्यावर कव्हर होतं. जाड सुती कापड, कडेला लाल पट्टी, पुढच्या बाजूला काच आणि बटण दिसावं म्हणून मापात कापलेली खिडकी. वरून आणि मागून मात्र पक्कं बंद. गरम हवा बाहेर पडायच्या नेमक्या दोन जागा होत्या, त्या दोन्ही झाकलेल्या.

“चुरण्याची धूळ लय येते न घरात,” कुंताबाई म्हणाल्या. “म्हटलं, पोराची एवढी आवडीची वस्तू. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी शिवलं. हातानंच. शिलाई मशीनवर खिडकी बराबर येत नोती.”

दुकानात आणताना अमर ते काढून ठेवायचा आणि गोधडीत गुंडाळायचा. खेळताना कानाला हेडफोन, डोळे पडद्यावर. पुढची बाजू उघडीच आहे, तर कापडानं काय होते, असं त्याला वाटलेलं. मला दारातून पाहूनच कळलं. हात लावायचीसुद्धा गरज नव्हती.

आणि मी बोलले नाही.

कुंताबाई त्या कापडावरून हात फिरवत होत्या, हे एक कारण. पण ते एकच असतं, तर मी अमरला अंगणात बाजूला घेऊन सांगितलं असतं. खरं असं की तो चहाचे कप घेऊन उभा होता, त्याच्या केसांत धानाचं कूस अडकलेलं होतं, आणि मी तोंड उघडलं की काम संपणार होतं. बिघाड सापडला, राम राम, या आता. पाच वर्षं मी या धंद्यात आहे. सापडलेला बिघाड कधी लपवला नव्हता. त्या दिवशी लपवला. कॅबिनेट उघडून उगाच वायर तपासल्या, पॉवर सप्लाय कमजोर वाटतो असं म्हटलं, आणि रविवारी दुसरा घेऊन येते, तोवर खेळू नका, असं सांगितलं. स्पर्धेचा पहिला सामना त्याच्या पुढच्या मंगळवारी होता. भरपूर वेळ होता.

निरोप द्यायला तो गावाबाहेरच्या वळणापर्यंत चालत आला. मी स्कूटी ढकलत होते, चालू केली नव्हती.

“रविवारी जेवूनच जाजा,” तो म्हणाला.

“मशीन सुरू झालं तर,” मी म्हटलं.

“नाही झालं तरी.”

शनिवारी दुपारी बाबा जेवायला घरी गेले होते आणि मी एका लॅपटॉपचा की-बोर्ड काढत होते, तेव्हा फोन वाजला. अमर इतका हळू बोलत होता की मी रेडिओ बंद केला. आयोजकांनी सामना अलीकडे आणला होता, आजच. मला उगाच त्रास नको म्हणून त्यानं सांगितलं नव्हतं. तीन डावांचा सामना. पहिल्या डावात टीम पुढे होती आणि चोविसाव्या मिनिटाला मशीन थांबलं. तो बाहेर पडल्यावर उरलेले चौघं हरले. दुसरा डाव दहा मिनिटांनी.

“काही करता येईन काय?” त्यानं विचारलं.

मी डोळे मिटले. “आईनं शिवलेलं कव्हर काढ. पूर्ण काढ. आणि कॅबिनेट भिंतीपासून हातभर पुढं ओढ.”

मागे कापडाची सळसळ, कॅबिनेट सरकल्याचा आवाज. मग तो फोनवर परत आला.

“बस एवढंच?”

“एवढंच.”

“तुले कधीपासून माहीत आहे?”

आम्ही दोघंही तुम्हीवरून तूवर आलो होतो, आणि ते असं व्हावं अशी माझी मुळीच इच्छा नव्हती.

“बुधवारपासून,” मी म्हटलं.

“मंग सांगतलं काहून नाही?”

तेवढ्यात टीममधल्या कुणीतरी त्याला हेडफोनवर हाक मारली आणि फोन कटला.

दुसरा डाव ते जिंकले. तिसरा थोडक्यात हरले. हे मला स्पर्धेच्या पानावर दिसलं. त्याचा फोन आला नाही. संध्याकाळी बाबांनी विचारलं, आज कोणाचं काय बिघडलं. मी म्हटलं, माझंच. त्यांनी पुढं विचारलं नाही, फक्त चहा जास्त साखरेचा केला.

वाट पाहत बसणं मला जमत नाही. रविवारी येते म्हटलं होतं, तर रविवारी गेले.

कुंताबाई ओट्यावर तूर सोलत होत्या. मी त्यांच्यापुढे बसले आणि सगळं सांगितलं... कव्हरानं काय होत होतं, मला केव्हा कळलं, आणि त्यांना वाईट वाटेल हा बहाणा मी स्वतःशीच कसा केला. त्यांनी दाणे सुपात टाकत ऐकून घेतलं.

“मी काय रागावली असती?” त्या म्हणाल्या. “मशीनले धूळ चालते पण हवा लागते, हे मले माहीत नोतं. सांगाचं होतं न पोरी.” मग हातानं मागच्या अंगणाकडे खूण केली. “तो तिकडं आहे. कालपासून बोलला नाही.”

अमर पोती शिवत होता. मला पाहून सुतळी खाली ठेवली, पण उठला नाही.

“राग आला आहे मले,” तो म्हणाला.

“येऊ दे. मी ऐकाले आली.”

मग तो बोलला. सावकाश, शब्द शोधत. हरण्याचं त्याला फार वाटत नव्हतं. पण टीममधला चंदन रोज कामावरून दमून यायचा आणि तरी सरावाला बसायचा, बाकीच्यांचंही तसंच, आणि आता चौघांनाही वाटत होतं की अमरनं मशीनकडे लक्ष दिलं नाही. त्याला ते खरंखुरं कारण सांगता येत नव्हतं, कारण तसं केलं तर माझं नाव घ्यावं लागलं असतं. आणि माझं नाव घ्यायचं नव्हतं.

“फोन लाव चंदनले,” मी म्हटलं.

“कायले?”

“लाव तू.”

त्यानं लावला, आणि काय करावं न कळून स्पीकर सुरू केला. मी आपली ओळख सांगितली. म्हटलं, भाऊ, भंडाऱ्याची मेकॅनिक बोलून राहिली. मशीनचा बिघाड मले बुधवारी सापडला होता, मी तो सांगितला नाही. अमरची चूक नाही, त्याले काही माहीत नव्हतं. तुमचा डाव माझ्यामुळे गेला, त्याची मी चौघांची माफी मागतो.



“माफीचं ठीक आहे जी,” चंदन म्हणाला. “पण बिघाड सापडून लपवला काहून? त्यात तुमचा काय फायदा?”

अमरनं सुतळी उचलून पुन्हा खाली ठेवली. अंगणात एक कोंबडी कुसात टोच मारत होती. मी फोनजवळ सरकले.

“सांगतला असता तर काम संपलं असतं. मंग मले करडीले येता आलं नसतं. अमर मले आवडते, म्हणून.”



“हे त्याले सांगतलं काय?” चंदननं विचारलं.

“तो इथंच उभा आहे.”

खरंच तो उभा राहिला होता. केव्हा उठला ते मला कळलं नाही. चंदन पलीकडून म्हणाला की बाकीच्या तिघांना तो समजावतो, फक्त पुढच्या वर्षी पाचही मशीन स्पर्धेआधी मी तपासायची. मग त्यानं आपणहून फोन ठेवला.

अमर मान खाली घालून हसत होता... तेच हसू. पण यावेळी त्यानं ते लपवलं नाही; मान वर केली आणि माझ्याकडे सरळ पाहिलं.

“माझा राग गेला नाही अजून,” तो म्हणाला.

“किती दिवस राहीन?”

“उद्याचा दिवस.”

“मंग परवा येऊ?”

“नको,” तो म्हणाला. “परवा मी येतो. आमच्या बाबाले घेऊन.”



“सकाळी नका येऊ,” मी म्हटलं. “सकाळी दुकानात गर्दी राहते. चारच्या नंतर या, बाबा निवांत राहतात. आणि मी त्यांले आजच सांगून ठेवतो.”