घरी जपून जा

तो माइकसमोर आला, घसा खाकरून "नमस्कार" म्हणाला... आणि माझं कोपर बटणावर पडलं.

माझ्या डोक्यावरचा लाल दिवा लागला. हा दिवा हॉलच्या मागच्या भिंतीवर असतो. प्रेक्षकांची त्याच्याकडे पाठ, त्यामुळे तो फक्त स्टेजवरच्या माणसाला दिसतो. लागला की समजायचं, वेळ संपत आली. शेवटचा विनोद सांगायचा आणि उतरायचं. आणि मी तो लावला होता त्याने तोंड उघडताक्षणी!

त्याने दिव्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"आत्ताच आलो," तो माइकमध्ये म्हणाला, "आणि तेवढ्यात वरून निरोप, की वेळ संपली." त्याने छताकडे बोट दाखवलं. "तसं खोटं नाही म्हणा. सगळ्यांचंच तसं आहे."

हॉल हसला. मला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. हॉल माझ्या मावशीचा. आधीचा माणूस सोडून गेला म्हणून तिने मला दिवे सांभाळायला बसवलं होतं. "अगं, एक बटण दाबायचंय, त्यात काय चुकणार?" म्हणाली होती. मला लहानपणापासून ओळखते, तरीही!

तो दिवसा लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि त्याचे विनोदही लिफ्टमध्येच घडायचे. "दार बंद करायचं बटण असतं ना, ते मी उघडून बघितलंय," तो सांगत होता. "बऱ्याचदा मागे वायरच नसते. माणसं दाबतात, परत दाबतात. दार आपल्या मर्जीने बंद होतं, आणि माणूस समाधानाने वर जातो... प्रार्थना, बायोडेटा, मुलांना मारलेल्या हाका — सगळी बटणंच. मागे वायर नाही."

लोक हसत होते, आणि हसता हसता थोडे गप्पही होत होते. शेवटी त्याने वाकून नमस्कार केला. "कशालाच काही अर्थ नाही, मंडळी. घरी जपून जा."

माफी मागायला मी त्याच्या मागोमाग लिफ्टमध्ये शिरले.

"सॉरी हं... मघाशी तो दिवा —"

"तो होय? आजचा सगळ्यात चांगला विनोद तुम्ही केलात."

मी दार बंद करायचं बटण दाबलं. मग परत दाबलं. तो भिंतीला टेकून बघत होता.

"आत्ताच सांगितलं ना मी वर?"

"ऐकलं. तरी दाबावंसं वाटतं." मी घाबरले की गप्प बसता येत नाही मला. "पण कशालाच अर्थ नाही, तर जपून कशाला जायचं?"

लिफ्ट खाली पोचली, दार उघडलं, तरी त्याला उत्तर सापडेना.

"विचार करून सांगतो," तो म्हणाला. "तोवर जपून जा, दिवेवाली."

मग तो दर कार्यक्रमाआधी लवकर येऊ लागला. कधी माइक तपासायला, कधी माइक तपासून झाला का ते तपासायला. मशीनच्या कॉफीचे दोन कप घेऊन माझ्या टेबलाच्या कडेवर बसायचा, आणि मी त्याचा कप हळूच कडेपासून आत सरकवायची.

"पडला तर पडला," तो म्हणायचा.

"पडला तर काहीतरी वाईट होईल."

"काय होईल?"

"ते माहीत असतं तर एवढी काळजी कशाला केली असती?"

माझं असंच आहे. गॅस बंद केला का, हे बघायला मी जिन्यातून परत वर जाते. आईने फोन उचलला नाही की मी लागोपाठ दहा वेळा लावते. त्याला कशातच अर्थ दिसत नाही, आणि मला प्रत्येक गोष्टीत दिसतो... चहाच्या कपात, बंद फोनमध्ये, कुणाच्या चालता चालता थांबण्यात.

"आपलं काही जमायचं नाही," तो एकदा म्हणाला.

"जमवायला बसलंय कोण?" मी म्हटलं, आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

त्या दिवशी बाहेर बारीक पाऊस होता. त्याने स्वतःची छत्री माझ्या हातात कोंबली. "पोचलीस की कळव."

"अर्थ काय त्याला?"

"काही नाही. कळव."

तेव्हापासून घरी गेले की चप्पल काढायच्या आधी मी एकच शब्द पाठवायची — 'पोचले'. लगेच त्याचा अंगठा यायचा. एवढंच. पण त्या अंगठ्याशिवाय मला घरी आल्यासारखं वाटेनासं झालं.

आणि मग मावशीने बातमी आणली. गावोगाव कार्यक्रम करणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या बाई उद्या येणार होत्या, त्याला बघायला. पसंत पडला तर वर्षभर फिरती.

"पोरगं वेळेचं पक्कं आहे, घेतीलच," मावशी खुशीत होती. "दिवा लागल्यावर जो बोलत राहतो, त्याला त्या उभं करत नाहीत म्हणे."

"तुला जायचंय?" मी त्याला विचारलं.

"जायला हवं." तो कप फिरवत राहिला. "तुला काय वाटतं?"

मला काय वाटतं! वाटत तर इतकं होतं की त्यातलं एकही धड बाहेर येईना. "चांगलंच आहे की," मी म्हटलं, आणि वायरी गुंडाळायला लागले.

त्या दिवशी घरी गेले, पण 'पोचले' पाठवलं नाही. तो जाणारच असेल तर सवय मोडलेली बरी, असं स्वतःला सांगितलं. फोन पालथा टाकला. रात्री उशिरापर्यंत तो घरघरत राहिला, आणि मी... मी उशीखाली डोकं घालून पडले.

दुसऱ्या संध्याकाळी कंपनीच्या बाई माझ्या टेबलाशेजारीच बसल्या, मनगटावरचं घड्याळ वर करून. तो आला, बोलला. इतका छान बोलला की बाईसुद्धा पर्स घट्ट धरून हसल्या. माझी नजर घड्याळावर, बोट बटणावर. या वेळी चूक नको. त्याचं काही माझ्यामुळे जायला नको.

वेळ झाली. मी दिवा लावला.

त्याने पाहिला. आता वाकायचं, "कशालाच काही अर्थ नाही" म्हणायचं आणि उतरायचं. तो वाकला नाही.

"दिवा लागलाय," तो म्हणाला. "मला दिसतोय."

बाईंच्या कपाळाला आठी पडली.

"एका मुलीने मला विचारलं होतं, अर्थच नाही तर जपून कशाला जायचं? मी म्हटलं, विचार करून सांगतो. काल ती घरी पोचल्याचं कळवायची विसरली. फोन उचलेना. मी काळजी करत नाही, मंडळी, माझा त्यावर विश्वासच नाही. पण काल रात्री तातडीच्या कामाला गेलो, तेव्हा लिफ्टच्या खड्ड्यात उभं राहून मी देवाला हाक मारली. तो नाहीये, हे मला पक्कं माहीत आहे. तरी म्हटलं, नसलास तर नसलास... पण ती पोचली का, तेवढं बघून ये."

लोक हसले. तो हसला नाही.

"शेवटी तिच्या शेजारीच राहणाऱ्या मावशीला उठवून दारातल्या चपला बघायला लावल्या. पोचली होती. तर उत्तर असं, की अर्थबिर्थ मला अजून सापडलेला नाही. पण जपून जा... कारण तू पोचल्याशिवाय मी पोचत नाही." त्याने थेट माझ्याकडे पाहिलं. "दिवेवाली, दिवा तसाच राहिला, तर मी समजेन की वेळ संपली."

हॉलमधल्या माना मागे वळल्या. आमच्या धंद्यात लावलेला दिवा कुणी विझवत नाही. माझं बोट बटणावर होतं. चुकलं तर? तो उद्या पस्तावला तर? हे सगळं टिकलंच नाही तर?

मी दिवा विझवला.

बाई उठल्या, मावशीला म्हणाल्या, "हुशार आहे. पण घड्याळ न पाळणारा माणूस फिरतीत चालत नाही," आणि गेल्या. मावशीने माझ्याकडे असं बघितलं, की वाटलं आता ओरडेल. पण ती नाक पुसत होती. "मेल्याने मला झोपेतून उठवलं ते यासाठी होय!"

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो.

"माझ्यामुळे गेलं ना?"

"तू दिवा वेळेवर लावलास. उशीर मी केला."

"वाईट वाटतंय?"

"खूप," तो म्हणाला. खोटं बोलला नाही, म्हणून मला आणखीच भरून आलं. डोळे दिसू नयेत म्हणून मी वळले आणि सवयीने बटण दाबलं.

दार खटकन बंद झालं.

मी चमकून त्याच्याकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता, कान लाल झालेले.

"दुपारी जरा वेळ होता," तो पुटपुटला. "वायर जोडून टाकली."