अर्सेनियोला न पटलेला जोड

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण एलॉय आर्चुलेटा माझा सख्खा मावसभाऊ आहे, आणि हे घडलं तेव्हा मी त्याच्याच अंगणात उभा होतो.

न्यू मेक्सिकोतलं आमचं एस्पान्योला गाव. ईस्टरनंतरचा शनिवार. दुपारचे चार.

लख्ख ऊन होतं. म्हणूनच जास्त भीती वाटते.

एलॉयच्या गॅरेजात सतरा वर्षं एक जुना पिकअप उभा होता. पोट जमिनीला टेकेल इतका खाली बसवायचा, लालभडक रंगवायचा आणि रविवारी मोठ्या रस्त्यावरून गोगलगायीच्या चालीनं मिरवायचा. आमच्याकडे घरटी एकाला हे वेड असतं. थोरल्या भावाबरोबर, अर्सेनियोबरोबर, त्यानं तो बांधायला घेतला होता.

अर्सेनियोच्या हातात कला होती आणि तोंडात विष. एलॉयनं वेल्डिंग करावं, अर्सेनियोनं बघावं, नाक मुरडावं आणि ग्राइंडर लावून तो जोड घासून सपाट करावा.

"पुन्हा कर."

चौदा वर्षं हेच. गावभर वेल्डिंग करून पोट भरणारा एलॉय, भावापुढे मात्र कायम शिकाऊच.

तीन वर्षांपूर्वी अर्सेनियो हृदयविकाराने गेला. एलॉय खूप रडला. आणि खरं सांगायचं तर, सुटलाही.

पुढच्याच आठवड्यात त्यानं एकट्यानं पहिला जोड केला. कुलूप लावलं. सकाळी उघडून बघतो तर...

जोड घासलेला. सपाट. चकचकीत.

त्यानं पुन्हा केला. पुन्हा घासलेला. कुलूप बदललं. ग्राइंडर पलंगाखाली नेऊन ठेवला... तरी तेच.

तीन वर्षं त्यानं हे कुणालाच सांगितलं नाही. बायकोला, बर्निसला, एवढंच दिसत होतं की नवरा रोज खाली गॅरेजात जातो आणि गाडी तिथल्या तिथेच. शेवटी ती बॅग भरून बहिणीकडे निघाली.

"गॅरेज रिकामं झालं की फोन कर," ती म्हणाली. "नाहीतर तिच्याशीच संसार कर. तशीही मी सवतच आहे तिची."

एलॉयनं हात टेकले. त्याला बर्निस हवी होती.

आता आमच्याकडची रीत अशी, की पुरी न होणारी गाडी दुसऱ्या हाताला द्यायची. फुकट द्या, पण द्या. कापायची नाही. शेजारचा ओर्लांडो तर टपूनच बसला होता.

"मला दे रे. सहा महिन्यांत रस्त्यावर आणतो की नाही बघ!"

सहा महिने! हेच एलॉयला झोंबलं.

"तुला देण्यापेक्षा भंगारात घालीन," तो म्हणाला आणि हट्टाला पेटून गॅस कटर घेऊन बसला. मी अडवायला गेलो, तर त्यानं माझ्या आईवरून, म्हणजे स्वतःच्याच मावशीवरून, शिवी हासडली.

काम सोपं गेलं. जरा जास्तच सोपं... कटर टेकवायचा अवकाश, लोखंड आपण होऊन सुटत होतं.

शुक्रवारी भंगारवाला सगळं घेऊन गेला. ग्राइंडरसुद्धा.

शनिवारी बर्निस आली. रिकामं गॅरेज बघून हसली. माझ्या हातात बीन्सचं पातेलं होतं.

"वर चल की जेवायला," ती मला म्हणाली, "का गाडीचं सुतक पाळतोयस?"

घर गॅरेजच्या वर. बाहेरून लोखंडी जिना. ती चौथ्या पायरीवर पोचली, आणि...

घर्रर्रर्र...

गॅरेजातून नाही. जिन्यातून.

एलॉयनं मागचा पुढचा विचार केला नाही. झेप घेऊन तिला कमरेला धरलं आणि खाली ओढलं. दुसऱ्या क्षणी अख्खा जिना आमच्यासमोर कोसळला.

तो जिना एलॉयनंच लग्नाच्या वर्षी वेल्डिंग करून बसवला होता. आम्ही जवळ जाऊन पाहिलं. एकूण एक जोड घासलेला. मी हात लावला... गरम होता.

तिथेच, उन्हात उभं राहून, एलॉयनं बायकोला तीन वर्षांचं सगळं सांगितलं. ती रडली नाही की ओरडली नाही. तिनं पडलेल्या जिन्याकडे बघितलं. मग म्हणाली,

"एलॉय... गावात आणखी काय काय जोडलंयस तू?"

तो मनात मोजत होता. ओठ हलत होते. एकाएकी त्याचा चेहरा उतरला.

"शाळेचे झोके," तो म्हणाला आणि धावत सुटला.

झोके शाबूत होते. त्या दिवशी तरी.

आता रोज सकाळी शाळा भरायच्या आत तो आणि बर्निस तिथे जाऊन येतात. तिनं त्याला सोडलं नाही. पण गावात कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ दोघांनी मला घातली आहे. सांगितलं तर एलॉयला कोण काम देणार?

माझी मुलगी त्याच शाळेत आहे. झोक्यावर बसायचं नाही, अशी तिला मी ताकीद दिली आहे.

फक्त तिला.